फुल सर्च सोडताना: मोशन एस्टिमेशनचा खर्च नेमका कुठे कमी होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी-मध्ये स्वतः लिहिलेला एच.२६४ एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) आहे. मोशन एस्टिमेशन, म्हणजे फ्रेममधला प्रत्येक ब्लॉक आधीच्या फ्रेममध्ये कुठे होता याचा शोध, ±१६ पिक्सेलच्या खिडकीत फुल सर्चने, म्हणजे एकूण एक जागा तपासून, चालतो. १९२०×१०८० आणि सेकंदाला ३० फ्रेम असलेल्या व्हिडिओवर तो रिअल टाइमच्या आसपासही फिरकत नाही. थ्री-स्टेप सर्च लावला तर वेग आला, पण कॅमेरा आडवा फिरू लागला (पॅन) की चित्रात ब्लॉक दिसायला लागतात. मग कुठला सर्च पॅटर्न, म्हणजे तपासायच्या जागांचा आकार, घ्यावा: डायमंड, हेक्सागॉन, की आणखी काही?

पॅटर्न कुठला, हा प्रश्न नंतरचा आहे. शोध कुठून सुरू करायचा आणि कधी थांबवायचा, हे दोन प्रश्न आधीचे आहेत. ते नीट सुटले तर साधा चार बिंदूंचा छोटा डायमंडही चांगले काम देतो. ते सुटले नाहीत तर कुठलाही पॅटर्न पॅनमध्ये तोंडघशी पडतो.

आधी हिशोब मांडू. १९२०×१०८८ च्या फ्रेममध्ये (१६ च्या पटीत बसावे म्हणून १०८० चे १०८८) १२०×६८ म्हणजे ८,१६० मॅक्रोब्लॉक, १६×१६ पिक्सेलचे चौकोन, असतात. सेकंदाला ३० फ्रेम म्हटल्यावर २,४४,८०० मॅक्रोब्लॉक. ±१६ मध्ये ३३×३३ म्हणजे १,०८९ जागा, आणि प्रत्येक जागेच्या सॅडसाठी (दोन ब्लॉकमधल्या पिक्सेल-फरकांची, चिन्ह सोडून, बेरीज) २५६ पिक्सेलचे फरक. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ६,८२५ कोटी फरक होतात. हे एकाच रेफरन्स फ्रेमसाठी (जिच्यात शोध घेतो ती आधीची फ्रेम), एकाच ब्लॉक साइझसाठी, तेही पूर्ण पिक्सेलपर्यंतच. एच.२६४ मध्ये १६×१६ पासून ४×४ पर्यंत सात आकार आहेत आणि रेफरन्स १६ पर्यंत जाऊ शकतात.

सिम्ड (एका हुकमात अनेक आकडे हाताळण्याची सोय) लावून हे निभावेल असे अनेकांना वाटते. एक्स८६ वर पीसॅडबीडब्ल्यू हा हुकूम एसएसई२ मध्ये एका वेळी १६ बाइट्सचे सॅड काढतो, म्हणजे १६×१६ ब्लॉकला असे १६ हुकूम. फुल सर्चला तरीही सेकंदाला सुमारे ४२७ कोटी हुकूम लागतात, शिवाय तितकेच लोड. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरकडे सेकंदाला ३०० कोटी सायकल असतात. हा हुकूम एका सायकलमध्ये एकापेक्षा जास्त वेळा चालवणारे प्रोसेसर आहेत हे खरे, पण मग एन्कोडरच्या बाकीच्या कामांना, म्हणजे ट्रान्सफॉर्म, एन्ट्रॉपी कोडिंग (आकडे कमीत कमी बिट्समध्ये लिहिणे), डीब्लॉकिंग (ब्लॉकच्या कडा पुसणे) यांना, काय उरले? तेव्हा सिम्ड हवेच, पण जागांची संख्या कमी केल्यावर. तेरा जागा तपासल्या तर हाच आकडा सुमारे ५.१ कोटी हुकूमांवर येतो.

आता ब्लॉक का दिसतात ते पाहू. व्हेक्टर, म्हणजे ब्लॉक किती सरकला ते सांगणारी आकड्यांची जोडी, चुकला म्हणून चित्र थेट चुकत नाही. एन्कोडर आपल्याच रिकन्स्ट्रक्टेड (डीकोडरला दिसेल तशी पुन्हा बांधलेल्या) फ्रेमवरून प्रेडिक्शन घेतो आणि उरलेला फरक पाठवतो. व्हेक्टर वाईट निघाला की फरक मोठा होतो आणि त्याला बिट्स जास्त लागतात. बिटरेट बांधलेला असला तर रेट कंट्रोल क्यूपी (क्वांटायझेशनची, म्हणजे तपशील ढोबळ करण्याची, पातळी) चढवतो, आणि मग ब्लॉक दिसतात. म्हणून 'सर्चमुळे क्वालिटी गेली' असे वाटले की आधी क्यूपी स्थिर ठेवून तीच क्लिप चालवा. पीएसएनआर (मूळ चित्राशी साम्याचे माप) जवळपास तोच राहील आणि बिटरेट फुगलेला दिसेल. मोशन एस्टिमेशनची किंमत बिट्समध्ये मोजायची असते. तसे पाहिले की चुका लवकर सापडतात.

थ्री-स्टेप सर्च १९८१ चा आहे. ±७ च्या खिडकीसाठी ४, २, १ अशी पावले आणि एकूण २५ जागा. ±१५ पर्यंत जायचे तर ८, ४, २, १ अशी चार पावले आणि ३३ जागा. त्यामागचे गृहीतक असे की खऱ्या जागेपासून जितके दूर जाऊ तितकी चूक वाढत जाते. सपाट किंवा मऊ चित्रात हे बऱ्यापैकी खरे असते. पण समजा कॅमेरा फ्रेममागे १२ पिक्सेल सरकतो आहे आणि समोर खिडकीची जाळी किंवा बारीक चौकड्यांची साडी आहे. पहिल्या पावलात (०,०), (८,०), (८,८) अशा जागा तपासल्या जातात. खरी जागा (१२,०) आहे, आणि सर्वांत जवळची तपासलेली जागा तिच्यापासून ४ पिक्सेल लांब आहे. बारीक टेक्श्चरमध्ये ४ पिक्सेल चुकलेला ब्लॉक हा १४ पिक्सेल चुकलेल्या ब्लॉकइतकाच वाईट जुळतो. त्यामुळे पहिले पाऊल जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखे पडते, आणि एकदा चुकीच्या कोपऱ्यात शिरल्यावर पुढची लहान पावले तिथून बाहेर काढू शकत नाहीत. शेजारच्या ब्लॉकचे नशीब वेगळे, म्हणून त्याचा व्हेक्टर भलतीकडेच. व्हेक्टरचे मैदान असे विस्कटले की मीडियन प्रेडिक्शन (शेजाऱ्यांच्या व्हेक्टरांतल्या मधल्या किमतीवरून बांधलेला अंदाज) कोसळते आणि व्हेक्टर लिहायलाच बिट्स जाऊ लागतात. नुकसान दोन्हीकडून.

उपाय शेजाऱ्यांकडे आहे. पॅन होत असताना डावीकडचा, वरचा आणि वर-उजवीकडचा ब्लॉक तुमच्या आधीच कोड झालेला असतो. पाव पिक्सेलच्या एककात त्यांचे व्हेक्टर (४८,०), (४८,०) आणि (५२,०) असले तर मीडियन (४८,०) येतो, म्हणजे थेट १२ पिक्सेल. शोध तिथून सुरू झाला तर बहुतेक वेळा उत्तर एक-दोन पिक्सेलच्या आतच असते. सुरुवातीचे उमेदवार मी असे धरतो: शून्य व्हेक्टर, मीडियन, डावा, वरचा, वर-उजवा; मागच्या फ्रेममधील त्याच जागेचा; आणि मागच्याच फ्रेममधील उजवीकडचा आणि खालचा. शेवटचे दोन बरेच जण विसरतात. चालू फ्रेममध्ये उजवा आणि खालचा ब्लॉक अजून कोड झालेला नसतो, त्यामुळे तिकडून येणाऱ्या वस्तूची खबर फक्त मागच्या फ्रेमकडेच असते.

मागच्या फ्रेमचा व्हेक्टर जसाच्या तसा उचलू नका, काळाच्या अंतराने स्केल करा. तो दोन फ्रेम मागे बघत असेल आणि आता एकच फ्रेम मागे बघायचे असेल तर निम्मा करायचा. बी-फ्रेम (मागच्या आणि पुढच्या दोन्ही फ्रेमवरून अंदाज घेणाऱ्या) चालू असताना ही चूक सर्रास होते. लक्षात येत नाही, कारण कोड चालतो, फक्त तो उमेदवार कधीच जिंकत नाही. प्रत्येक प्रकारचा उमेदवार किती वेळा जिंकला याचा काउंटर ठेवा. एखादा कधीच जिंकत नसला तर बहुधा त्याच्या स्केलिंगमध्ये किंवा इंडेक्समध्ये बग आहे.

सगळे उमेदवार पूर्ण पिक्सेलला राउंड करा, खिडकीच्या मर्यादेत बसवा आणि दुहेरी आलेले गाळा. संथ दृश्यात आठांपैकी दोन-तीनच वेगळे उरतात. सर्वांत स्वस्त निघालेल्यापासून छोटा डायमंड: वर, खाली, डावे, उजवे. चारांपैकी कुणी सरस निघाला तर तिकडे सरका आणि पुन्हा. कुणीच सरस नसेल तर थांबा. ईपीझेडएस आणि त्याआधीच्या पीएमव्हीफास्ट या शोधपद्धतींचा गाभा हाच आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही सॉफ्टवेअर एन्कोडरमध्ये ही रचना टिकून आहे ती उगाच नाही.

'स्वस्त' म्हणजे नुसता सॅड धरू नका. किंमत = सॅड + लॅम्डा × व्हेक्टरचे बिट्स (लॅम्डा म्हणजे एका बिटचे सॅडमधले मोल). ही दुसरी रक्कम नसली तर वरची सगळी मेहनत वाया जाते. एक उदाहरण सविस्तर पाहू. क्यूपी २८ ला लॅम्डा साधारण ६ येतो (एच.२६४ च्या रेफरन्स सॉफ्टवेअरचे सूत्र: ०.८५ × २ चा (क्यूपी−१२)/३ वा घात, आणि त्याचे वर्गमूळ). व्हेक्टर आणि प्रेडिक्टर (शेजाऱ्यांवरून आलेला मीडियन) यांचा फरक एक्स्प-गोलोंबने (लहान आकड्यांना कमी बिट्स देणारी लेखनपद्धत) लिहिला तर फरक ० ला १ बिट, ±१ ला ३, ±२ व ±३ ला ५, ±४ ते ±७ ला ७ बिट्स, आणि ८ पिक्सेलच्या म्हणजे ३२ एककांच्या फरकाला १३ बिट्स लागतात. आता निळ्या आकाशाचा सपाट ब्लॉक घ्या. कॅमेऱ्याच्या नॉइजमुळे आठ पिक्सेल पलीकडची जागा सॅडमध्ये ३० ने सरस निघते. नुसत्या सॅडवर तीच जिंकते. किंमतीत मात्र तिचे बिट्स १३+१ (आडव्या आणि उभ्या घटकाचे), प्रेडिक्टरवरच राहण्याचे १+१. फरक १२ बिट्स, गुणिले ६ म्हणजे ७२. तीस मिळवायला ७२ घालवायचे नाहीत, म्हणून व्हेक्टर जागेवर राहतो. मैदान गुळगुळीत राहते, पुढच्या ब्लॉकचा प्रेडिक्टर चांगला राहतो, आणि त्याचा शोधही लवकर संपतो. लॅम्डाने बिट्स वाचतात हे सगळे सांगतात. तो वेगही वाढवतो, हे कमी जण सांगतात. कॅबॅक (एच.२६४ मधले एन्ट्रॉपी कोडिंग) वापरत असलात तरी शोधापुरता हा अंदाज पुरतो. दर क्यूपीला फरकावरून किंमत देणारा टेबल आधीच भरून ठेवा, आतल्या लूपमध्ये बिट्स मोजत बसू नका.

आता पॅटर्न. मोठा डायमंड ९ बिंदूंनी सुरू होतो, सरकल्यावर ३ किंवा ५ नवे बिंदू, शेवटी ४. कमीत कमी १३. हेक्सागॉन ७ ने सुरू होतो, दर सरकण्याला ३ नवे आणि शेवटी ४. कमीत कमी ११. प्रेडिक्टर चांगले असतील तर या सगळ्यांत निकालाचा फरक थोडाच राहतो. एक्स२६४ या खुल्या एच.२६४ एन्कोडरमध्ये अल्ट्राफास्ट प्रीसेटला छोटा डायमंड आहे, मीडियमला हेक्सागॉन, रेंज १६ आणि तीन रेफरन्स. तिथून सुरुवात करा. मोठी, बेभरवशाची हालचाल असलेल्या आशयासाठी, उदाहरणार्थ कबड्डीचे क्लोज-अप, यूएमएच (अनेक षटकोनांचा शोध) किंवा एचईव्हीसी या एच.२६४ नंतरच्या मानकाच्या रेफरन्स सॉफ्टवेअरमधल्या टीझेड सर्चसारखी दुसरी फळी लागते. टीझेड सर्च १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे डायमंड टाकतो. सर्वोत्तम जागा ५ पेक्षा लांब सापडली तरच पाच-पाच पिक्सेलच्या अंतराने खिडकी पिंजून काढतो. ±६४ मध्ये फुल सर्चला १६,६४१ जागा, तर अशा पिंजण्याला २६×२६ म्हणजे ६७६. महागडे काम गरज पडली तरच करायचे, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

थांबण्याच्या नियमात मात्र सर्वांत जास्त घोटाळे होतात. 'सॅड ५१२ पेक्षा कमी आला की थांब' असा कायमचा उंबरठा क्यूपी ३६ ला ठीक वाटतो. क्यूपी २२ ला तोच उंबरठा बिट्स उधळतो, कारण तिथे लहान फरकही क्वांटायझेशनमधून सुटून कोड होतात. म्हणून उंबरठा शेजाऱ्यांच्या किंमतींवरून ठरवतात: डावा, वरचा, वर-उजवा यांतली सर्वांत कमी किंमत, थोडी सैल करून. यात एक छुपा फास आहे. डावा ब्लॉक स्वतःच लवकर थांबला असेल तर त्याची किंमत मुळात फुगलेली असते. तुम्ही तिच्या आधाराने थांबता, उजवा तुमच्या आधाराने, आणि चूक ओळभर वाहत जाते. चित्रात ती आडव्या पट्ट्यासारखी दिसते. म्हणून उंबरठ्याला क्यूपीनुसार कमाल मर्यादा घाला. शिवाय शेजाऱ्यांचे व्हेक्टर एकमेकांपासून दोन-तीन पिक्सेलहून जास्त फाकले असतील तर लवकर थांबण्याची परवानगीच देऊ नका. फाकलेले व्हेक्टर म्हणजे वस्तूची कड, आणि कडेवर घाई महागात पडते.

याच्याही आधी स्किपची तपासणी हवी. पी-स्किप मॅक्रोब्लॉकला ना व्हेक्टरचा फरक जातो, ना रेसिड्युअल (प्रेडिक्शननंतर उरलेला फरक). त्याचा व्हेक्टर नियमाने ठरलेला असतो: डावा किंवा वरचा ब्लॉक उपलब्ध नसेल, किंवा दोघांपैकी एकाचा रेफरन्स ० आणि व्हेक्टर शून्य असेल, तर शून्य, नाहीतर मीडियन. त्या जागेचे प्रेडिक्शन घ्या, फरक ट्रान्सफॉर्म-क्वांटाइज करा. ल्युमा (उजेड) आणि क्रोमा (रंग) यांचे सगळे गुणांक शून्य झाले तर शोधच करू नका. बातमीदार, ऑनलाइन वर्ग, स्क्रीन रेकॉर्डिंग अशा व्हिडिओत फ्रेमचा मोठा भाग इथेच निकाली निघतो. क्रोमा तपासायला मात्र विसरू नका. फक्त ल्युमा पाहून स्किप केले तर संथ फेडमध्ये किंवा लाल-निळ्या कपड्यांवर रंग मागे रेंगाळतो.

क्वालिटीला अजिबात धक्का न लावता जागा गाळण्याच्या दोन युक्त्याही आहेत. पहिली १९९५ ची सक्सेसिव्ह एलिमिनेशन. चालू ब्लॉकच्या पिक्सेलची बेरीज आणि उमेदवार ब्लॉकची बेरीज यांतला फरक हा सॅडपेक्षा कधीच जास्त नसतो. समजा चालू बेरीज ३०,०००, उमेदवाराची ३३,०००, आणि आतापर्यंतचा सर्वोत्तम सॅड २,४००. फरकच ३,००० आहे, तेव्हा सॅड न काढताच हा उमेदवार बाद. बेरजा इंटिग्रल इमेजवरून (आधीच भरलेला साचत्या बेरजांचा तक्ता) चार वाचनांत मिळतात, आणि १०८० ओळींच्या ८-बिट फ्रेमला ३२-बिट पूर्णांक पुरतो. एक्स२६४ चा एक्झॉस्टिव्ह मोड याच तत्त्वावर चालतो. दुसरी म्हणजे सॅड काढता काढता तो सर्वोत्तमाच्या पुढे गेला की सोडून देणे. ही प्रत्येक पिक्सेलला किंवा प्रत्येक ओळीला तपासू नका, सिम्डची लय तुटते आणि ब्रँच प्रेडिक्शन चुकत राहते. चार किंवा आठ ओळींनंतर एकदा पुरे. खरे सांगायचे तर दहा-पंधराच जागा तपासत असाल तर या दोन्हींचा फायदा नगण्य आहे. त्या फुल सर्चच्या जवळ राहायचे असेल तिथल्या.

पिक्सेल गाळून सॅड स्वस्त करायचा असेल तर एकाआड एक ओळी घ्या आणि बेरीज दुप्पट करा. एचईव्हीसीचे रेफरन्स सॉफ्टवेअरही आठपेक्षा जास्त ओळींच्या ब्लॉकला असेच करू शकते. बुद्धिबळाच्या पटासारखे पिक्सेल निवडणारे लेख कागदावर छान दिसतात. सिम्डमध्ये ते पूर्ण सॅडपेक्षा हळू ठरू शकतात. इंटरलेस्ड व्हिडिओ (एका फ्रेममध्ये एकाआड एक ओळींची, वेगळ्या क्षणांची दोन फील्ड असलेला) असेल तर मात्र एकाआड एक ओळी म्हणजे एकच फील्ड. दुसऱ्या फील्डची हालचाल तुम्हाला दिसणारच नाही. जुन्या टीव्ही-संग्रहांवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सिम्डबाबत एकच गोष्ट आवर्जून सांगतो. डायमंडचे चार बिंदू एकेक करून तपासू नका. चालू ब्लॉकची ओळ एकदा रजिस्टरमध्ये घेऊन चारही उमेदवारांशी ताडून बघणारे एकच फंक्शन लिहा. एक्स२६४ मध्ये अशी तीन आणि चार उमेदवारांची फंक्शने आहेत. यामुळे हेक्सागॉनसारखे पॅटर्न, ज्यांत नवे बिंदू तीनच्या गटाने येतात, प्रत्यक्षात फार सोयीचे पडतात. संशोधन-निबंधांत 'सरासरी शोधबिंदू' हा आकडा मिरवला जातो. ९ बिंदूंवरून ७ वर आलो म्हणजे घड्याळात तितकाच फायदा झाला असे नाही. बिंदू अनियमित आणि एकेक येत असतील तर सात बिंदू नऊपेक्षा महाग पडतात.

आता मुख्य मुद्दा. इथवर सगळे केले की पूर्ण पिक्सेलचा शोध प्रोफाइलमध्ये खाली घसरतो आणि वर येतो तो सब-पिक्सेल, म्हणजे अर्ध्या-पाव पिक्सेलपर्यंतचा, शोध. इथे लोक थांबतात, आणि इथेच पुढचा मोठा फायदा दडलेला असतो.

एच.२६४ मध्ये अर्ध्या पिक्सेलसाठी १, −५, २०, २०, −५, १ असा सहा टॅपचा फिल्टर आहे, आणि पाव पिक्सेल म्हणजे शेजारच्या दोन नमुन्यांची राउंड केलेली सरासरी. प्रत्येक ब्लॉकसाठी मागणीनुसार इंटरपोलेशन केले तर मधल्या, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही दिशांच्या अर्ध्या जागेसाठी १६×१६ ला २१×२१ पिक्सेल वाचावे लागतात, आणि शेजारचे ब्लॉक तेच काम पुन्हा करतात. त्याऐवजी फ्रेम रिकन्स्ट्रक्ट आणि डीब्लॉक झाली की आडवा, उभा आणि मधला असे तीन अर्ध-पिक्सेल प्लेन एकदाच भरून ठेवा. मूळ धरून चार प्लेन, १०८० ओळींना प्रत्येकी सुमारे २१ लाख बाइट्स, म्हणजे दर रेफरन्सला ८४ लाख बाइट्सच्या आसपास, वर कडांची भर. मग पाव पिक्सेल म्हणजे दोन प्लेनमधून वाचून सरासरीचा एक हुकूम.

यात नेमक्या तीन ठिकाणी घसरायला होते. एक, मधला प्लेन आडव्या प्लेनच्या राउंड केलेल्या किमतींवरून काढला जातो. तो राउंड न केलेल्या मधल्या बेरजांवरून काढून शेवटी ५१२ मिळवून १० बिट्स उजवीकडे सरकवायचा असतो. तसे केले नाही तर एन्कोडरचे आणि डीकोडरचे चित्र एकेका पातळीने वेगळे होते आणि पुढच्या आय-फ्रेमपर्यंत (दुसऱ्या फ्रेमवर न विसंबणाऱ्या) ते अंतर साचत जाते. दुसरी गोष्ट, कडेचे पॅडिंग. व्हेक्टर फ्रेमच्या बाहेर बोट दाखवू शकतो, आणि फिल्टरला डावीकडे २ व उजवीकडे ३ जादा पिक्सेल लागतात. १६ पिक्सेलचे पॅडिंग ठेवून ±१६ चा शोध चालवला तर कधीतरी शेजारच्या ओळीचा कचरा वाचला जाईल. ३२ ठेवा आणि व्हेक्टर त्याप्रमाणे मर्यादित करा. तिसरी, प्लेन डीब्लॉकिंगच्या आधी भरणे. हा बग स्थिर दृश्यात दिसत नाही, हालचालीत दिसतो.

शोधाची पद्धत: आठ अर्धे आणि मग आठ पाव, असे सोळा बिंदू तपासण्याऐवजी अर्ध्याला छोटा डायमंड, मग पावला छोटा डायमंड, दोन्हींना एक-दोन फेऱ्यांची मर्यादा. सुरुवात करताना राउंड न केलेला मूळ प्रेडिक्टरही एकदा तपासा. पॅनमध्ये शेजाऱ्याचा (४९,०) हाच नेमका तुमचा असतो, आणि तोच प्रेडिक्टर असल्याने फरक शून्य, म्हणजे खर्च सर्वांत कमी. या टप्प्यावर सॅडऐवजी हॅडामार्ड ट्रान्सफॉर्मवर आधारलेला सॅटडी (फरक ट्रान्सफॉर्म करून मग केलेली बेरीज) वापरला की निवड खऱ्या बिट्सच्या जवळ जाते, पण तो सॅडच्या कित्येक पट महाग आहे. अर्ध्यापर्यंत सॅड आणि पाव पिक्सेलच्या फेरीत सॅटडी, ही तडजोड मला बहुतेक ठिकाणी योग्य वाटते.

ब्लॉकच्या आकारांबाबत: आधी १६×१६. त्याच्या व्हेक्टरपासून सुरू करून चार ८×८. चौघांची मिळून किंमत १६×१६ पेक्षा कमी आली नाही तर १६×८ आणि ८×१६ कडे फिरकू नका. ८×८ च्या खालचे आकार १०८० ओळींना क्वचितच परवडतात. व्हेक्टरचे बिट्सच रेसिड्युअलची बचत गिळतात. एचईव्हीसीने तर ४×४ इंटर ठेवलेच नाही. सातही आकारांचे ४१ ब्लॉक ४×४ च्या सॅडवरून जोडून काढण्याची युक्ती तुम्ही वाचली असेल. ती सगळे आकार त्याच जागा तपासतात तेव्हाच चालते, म्हणजे फुल सर्च हार्डवेअरमध्ये. प्रेडिक्टरवरच्या शोधात प्रत्येक आकाराची वाट वेगळी, तिथे तिचा उपयोग नाही.

खिडकीच्या बाहेरची हालचाल पकडायला अर्ध्या रिझोल्यूशनवर आधी एक स्वस्त शोध करा. रेट कंट्रोलसाठी लुकअहेड (पुढच्या फ्रेम आधीच चाळणारा टप्पा) ठेवणार असालच तर तो हे काम फुकटात करतो: एक्स२६४ चा लुकअहेड अर्ध्या आकाराच्या फ्रेमवर ८×८ ब्लॉकनी चालतो आणि त्याचे व्हेक्टर मुख्य शोधाला उमेदवार म्हणून मिळतात. तिथला ±१६ म्हणजे इथला ±३२. सीन कटही तिथेच कळतो, त्यामुळे जुळणीच नसलेल्या फ्रेमवर शोध वाया जात नाही. फेड असेल तर वेटेड प्रेडिक्शनचे (रेफरन्सचा उजेड जुळवून घेणारे) गुणक आधी ठरवा. उजेड बदलत असताना साधा सॅड हालचाल शोधत नाही, तेवढाच उजळ भाग शोधतो, आणि व्हेक्टर सैरभैर होतात.

पुढे थ्रेडिंग कराल तेव्हा खिडकीचा खालचा भाग अडचणीचा ठरतो. फ्रेम समांतर कोड होत असतील तर रेफरन्सच्या ज्या ओळी अजून तयार नाहीत तिथे पाहता येत नाही. एक्स२६५ या एचईव्हीसी एन्कोडरचा डीफॉल्ट शोध-पल्ला ५७ हा विचित्र आकडा यातूनच आला आहे: ६४ चा सीटीयू (एचईव्हीसीतला मॅक्रोब्लॉकसारखा मूळ ब्लॉक), त्यातून इंटरपोलेशन फिल्टरची अर्धी लांबी ४, सब-पिक्सेलसाठी २ आणि हेक्सागॉनसाठी १ वजा. त्याहून एक पिक्सेल जास्त मागितला की खालची अख्खी सीटीयू-ओळ तयार होईपर्यंत थांबावे लागते.

एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) किंवा खास चिपसाठी करणार असाल तर गणित बदलते. तिथे गणनेपेक्षा मेमरी बँडविड्थ आधी संपते. ±१६ ला प्रत्येक मॅक्रोब्लॉकसाठी ४८×४८ ची पूर्ण खिडकी आणली तर सेकंदाला सुमारे ५६.४ कोटी बाइट्स. उजवीकडे सरकताना फक्त नवी १६×४८ ची पट्टी आणली तर १८.८ कोटी. आणि डाव्या ब्लॉकचा व्हेक्टर पाइपलाइनमध्ये वेळेत तयार नसतो, त्यामुळे वर-डावा, वरचा, वर-उजवा यांवरून अंदाजे प्रेडिक्टर काढून शोध चालवतात आणि खरा मीडियन कोडिंगच्या वेळी वापरतात.

मोजणी कशी करायची ते सांगून थांबतो. रेट कंट्रोल बंद, क्यूपी २२, २७, ३२, ३७, एकच थ्रेड, प्रोसेसरचा टर्बो बंद. फुल सर्चचा निकाल आधार धरून प्रत्येक बदलाचा बीडी-रेट (तितक्याच क्वालिटीला सरासरी किती टक्के बिट्स जास्त) आणि घड्याळी वेळ शेजारी-शेजारी लिहा. एका वेळी एकच बदल. नेहमीच्या चाचणी-क्लिपांतून निवडताना 'अकियो'सारखी बातमीदाराची क्लिप एकटी घेऊ नका, तिच्यावर काहीही चालते. 'फोरमन'च्या शेवटी पॅन आहे, 'स्टेफन'मध्ये टेनिसची झपाट्याची हालचाल, 'मोबाइल अँड कॅलेंडर'मध्ये बारीक टेक्श्चर. १०८० साठी 'बास्केटबॉलड्राइव्ह' आणि 'बीक्यूटेरेस'. प्रत्येक बदलानंतर एन्कोडरची रिकन्स्ट्रक्टेड फ्रेम आणि वेगळ्या डीकोडरमधून निघालेली फ्रेम बाइट-बाइट ताडून पाहा, निदान पहिल्या शंभर फ्रेम. आणि दर टप्प्यावर प्रोफाइल पुन्हा काढा. समजा मोशन एस्टिमेशनला ८० टक्के वेळ लागत होता आणि तो वीसपट जलद केला. एकूण वेळ मूळच्या २४ टक्क्यांवर येतो. त्यापुढे त्याच भागाचा वेग आणखी दुप्पट केला तरी २४ चे २२ होतात. तिथे पोहोचलात की मोड डिसिजन (ब्लॉकचा आकार-प्रकार निवडणे) आणि एन्ट्रॉपी कोडिंगची फाइल उघडा.